महिना तीन रुपयांचा गोलंदाज

बाळू पालवणकर यांचा पहिला पगार महिन्याला तीन रुपये होता. हे पैसे नुसत्या गोलंदाजीचे नव्हते. पुण्यातल्या पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडायचं, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा आणि सभासदांना सरावासाठी कुणी हवं असलं की चार चेंडू टाकायचे, या सगळ्याचे मिळून ते तीन रुपये. १८९२च्या सुमारास त्यांना गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात काम मिळालं आणि पगार चार रुपये झाला. भारताच्या पहिल्या थोर गोलंदाजाची सुरुवात ही अशी.

मी नेरूळला राहतो. आयुष्यभर डाव्या हाताने फिरकी टाकली. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात मला नोकरी लागली तीही क्रिकेटवर. कंपनीच्या संघाला टाइम्स शिल्डसाठी डावखुरा स्पिनर हवा होता. आता निवृत्त आहे, सकाळी मैदानावर मुलांना गोलंदाजी शिकवतो. खेळाच्या जोरावर घर चालवणं म्हणजे काय, हे मला थोडंफार ठाऊक आहे. म्हणून बाळूंची गोष्ट सांगताना मला त्यांच्या कामापाशी जरा जास्त थांबावंसं वाटतं. जातीमुळे त्यांच्यावर झालेल्या अन्यायाबद्दल अलीकडे बरंच लिहिलं गेलं, आणि ते लिहिलं जायलाच हवं होतं. पण हा माणूस गोलंदाज म्हणून केवढा होता आणि ती गोलंदाजी कुठल्या घामातून आली, हे मागे पडतं.

घराणं चांभाराचं, आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेलं. बाळूंचा जन्म १८७५-७६च्या सुमारास धारवाडला झाला. वडील लष्करात नोकरीला होते, त्यामुळे मुलं पुण्याच्या लष्करी वस्तीत वाढली. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि झिजलेले चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. पुढे गणपत आणि विठ्ठल हे भाऊही मोठं क्रिकेट खेळले. एका घरातले चार भाऊ वरच्या दर्जाचं क्रिकेट खेळतात, आणि तेही अशा काळात जेव्हा त्यांना पाणीसुद्धा वेगळं मिळायचं, ही गोष्ट भारतीय क्रिकेटमध्ये पुन्हा घडलेली मला माहीत नाही. धाकट्या विठ्ठल यांनी १९४८मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहून ठेवलं, म्हणून या घराबद्दल आज आपल्याला इतकं तरी कळतं.

पूना क्लबात बाळूंचं काम म्हणजे रोलर फिरवणं, खेळपट्टी आखणं, नेट बांधणं, गरज पडली की टेनिसच्या कोर्टावरही राबणं. ट्रॉस नावाच्या एका साहेबाने त्यांना नेटमध्ये चेंडू टाकायला लावलं. डाव्या हाताची ती संथ गोलंदाजी पाहून मग कॅप्टन जे. जी. ग्रेग यांनी त्यांना जवळजवळ आपल्यासाठीच राखून ठेवलं. ग्रेग हे त्या काळातले हिंदुस्थानातले अव्वल गोरे फलंदाज, हॅम्पशायरकडून काउंटी क्रिकेटही खेळलेले. ते रोज इतर सभासदांच्या तासभर आधी मैदानावर यायचे आणि बाळूंची गोलंदाजी खेळायचे. बाळूंनी त्यांना बाद केलं की दर वेळी आठ आणे मिळायचे, अशी गोष्ट सांगतात. ती खरी असेल तर आठ वेळा ग्रेगना बाद केलं की महिन्याचा पगार सुटत होता.

ज्याने कधी नेटमध्ये तासन्‌तास गोलंदाजी टाकली नसेल त्याला या व्यवस्थेचा अर्थ चटकन कळणार नाही. समोर एकच फलंदाज, तोही पट्टीचा. तो तुमचा हात वाचतो. काल जो चेंडू फसवून गेला तो आज पुढे येऊन मारतो. तेव्हा त्याच टप्प्यावर, त्याच हाताने, पण जरा हळू चेंडू सोडावा लागतो. नाहीतर क्रीजच्या कडेला जाऊन कोन बदलावा लागतो. डावखुऱ्या स्पिनरचा नेहमीचा चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजाच्या पायाकडे पडतो आणि ऑफ स्टंपच्या दिशेने बाहेर वळतो. पहिलं बोट शिवणीवर घट्ट बसवून, मनगट फिरवून तो सोडायचा. तोच चेंडू न वळता सरळ आत घुसला तर आम्ही त्याला आर्मर म्हणतो, आणि त्यावर पायचीत किंवा त्रिफळा मिळतो. दोन्हींमध्ये हात सारखाच दिसला पाहिजे. हे पुस्तकातून येत नाही. हजारो चेंडू टाकूनच बोटांना त्याची सवय होते. बाळूंचा चेंडू दोन्हीकडे वळायचा, उंची देऊन फलंदाजाला पुढे खेचायचा, आणि ते दिवसभर न थकता एका टोकाने टाकू शकत, असं समकालीनांनी लिहून ठेवलं आहे. हा दमसास नेटमधूनच आलेला.

त्याच नेटमध्ये बाळूंना फलंदाजी मात्र कुणी दिली नाही. बॅट साहेबाच्या हातात, चेंडू नोकराच्या. विलायतेतही तीच तऱ्हा होती: जंटलमन फलंदाजी करणार, पगारी खेळाडू घाम गाळून गोलंदाजी टाकणार. आपल्याकडे त्यावर जातीचा थर चढला.

पुण्यातल्या हिंदूंच्या क्रिकेट क्लबाला पूना क्लबाच्या गोऱ्यांना हरवायचं होतं. त्यासाठी गोलंदाज हवा होता आणि तो गोऱ्यांच्याच मैदानावर रोलर ओढत होता. त्याला घ्यायचं की नाही यावरून क्लबात दोन तट पडले. तेलुगू सभासद घ्या म्हणत होते, मराठी ब्राह्मणांपैकी काहींचा विरोध होता. शेवटी ग्रेग यांनीच जाहीरपणे सांगितलं, की हिंदूंनी या माणसाला बाहेर ठेवलं तर मूर्खपणा ठरेल. बाळू संघात आले. मैदानात ज्या चेंडूला त्यांचा हात लागायचा तोच चेंडू सगळे झेलायचे, पण चहाच्या वेळी त्यांचा चहा तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई. जेवायला पान वेगळं, टेबल वेगळं. तोंड धुवायचं पाणीही त्यांच्याच समाजातला नोकर आणून देई.

पुढचा प्रसंग साताऱ्याचा, आणि मला तो सगळ्यात जास्त भावतो. तिथल्या युरोपियन जिमखान्याविरुद्ध पुण्याच्या हिंदूंचा सामना होता. बाळूंच्या फिरकीचा धसका घेऊन यजमानांनी खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवून घेतला, म्हणजे ती सिमेंटसारखी गुळगुळीत होईल आणि चेंडू वळणारच नाही. पण समोरचा माणूस स्वतः वर्षानुवर्षं रोलर ओढत आलेला. जड रोलर फिरवल्यावर वरची माती घट्ट होते, तरी कुठल्या जागी ओल धरून राहते, क्रीजजवळ गोलंदाजाच्या बुटाने कुठे खड्डा पडतो आणि तिथे चेंडू कसा थबकतो, हे मैदान राखणाऱ्याच्या पायांना कळतं. बाळूंनी तिथे सात गडी बाद केले आणि पुण्याने सामना जिंकला. हत्तीवरून त्यांची मिरवणूक निघाली. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांच्या गळ्यात हार घातला आणि बाळूंबरोबर खेळता येतं तर त्यांच्याबरोबर खाता-पिता का येऊ नये, असा सवाल सभेत केला. लोकमान्य टिळकांनीही त्यांचा जाहीर गौरव केला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाळू मुंबईला आले आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. इथेही त्यांना घेण्यावरून कुरबुर झाली, पण ती लवकर मिटली. पोटासाठी आधी लष्करात आणि मग बी.बी. अँड सी.आय. रेल्वेत त्यांनी नोकरी केली. ही रेल्वेची नोकरी क्रिकेटच्या अंगाने मिळालेली, कारण रेल्वेलाही आपला संघ तगडा हवा होता. पुढे मुंबईच्या बँका, गिरण्या आणि कारखान्यांनी खेळाडूंना नोकऱ्या देण्याची जी रीत पाडली आणि जिच्यामुळे माझ्यासारख्याच्या घरात चूल पेटली, तिच्या अगदी सुरुवातीच्या माणसांत बाळू होते.

त्याच काळात इंग्लंडमध्ये फुटबॉल खेळून पगार घेणं १८८५पासून कायदेशीर झालं होतं. १९०१मध्ये तिथल्या संघटनेने नियम केला, की कुठल्याही खेळाडूला आठवड्याला चार पौंडांपेक्षा जास्त द्यायचे नाहीत. पंधरा रुपयांना एक पौंड या तेव्हाच्या दराने ते साठ रुपये होतात. कारखान्यात किंवा कोळशाच्या खाणीत राबणारी पोरं फुटबॉलच्या पगारावर उभी राहिली, पण मालकांनी त्यांना बांधूनच ठेवलं. क्रिकेटमध्ये तर पगारी खेळाडूंची खोली वेगळी, मैदानात उतरायचा दरवाजाही वेगळा. जंटलमन आणि प्लेअर हा भेद इंग्लंडने १९६२मध्ये कागदावरून पुसला. पगार घेऊन खेळणाऱ्याला खालच्या पायरीवर बसवण्याची खोड जगभर होती. बाळूंच्या वाट्याला ती पायरी दोन अंगांनी आली, पगारामुळे आणि जन्मामुळे.

फेब्रुवारी १९०६मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन संघ भिडले. हिंदूंच्या २४२ आणि १६० धावा झाल्या, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. दुसऱ्या डावात बाळूंनी पाच बळी घेतले आणि शिवरामही त्याच संघात होते. पुढच्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना पुन्हा हरवलं, या वेळी २३८ धावांनी. बंगालच्या फाळणीमुळे आणि स्वदेशीच्या चळवळीमुळे देश पेटलेला होता, त्यामुळे राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात, त्यांच्याच जिमखान्यात हरवल्याचा आनंद फार मोठा होता. के. नटराजन यांच्या ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ने या विजयाचं नातं जातिबंधनं सैल होण्याशी जोडलं. पुण्यात तंबूबाहेर चहा पिणारे बाळू मुंबईत सगळ्यांच्या पंगतीला जेवत होते, आणि तो संघ जिंकत होता.

मग आलं १९११. पतियाळाच्या तरुण महाराजा भूपिंदरसिंहांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्यात पारशी, हिंदू, मुसलमान, शीख असे सगळे होते आणि बाळू व शिवराम हे दोघे भाऊही. महाराज मोजकेच सामने खेळले आणि बाकी वेळ मेजवान्यांत रमले. केकी मिस्त्रीसारखा उत्तम फलंदाजही त्यांच्या दिमतीला राहिला. त्या वर्षीचा इंग्लंडचा उन्हाळा फार कडक होता. कोरड्या, टणक खेळपट्ट्या फिरकीला साथ देत नाहीत. बाळू पस्तिशीचे, त्यात खांदा दुखत असलेला. तरी त्यांनी दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. यातले ७५ बळी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी १०३ धावा देऊन ८ गडी बाद केले.

संघ मात्र सपाटून हरला. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी जिंकले फक्त दोन, लेस्टरशायर आणि सॉमरसेटविरुद्धचे. लेस्टरशायरला बाळूंच्या गोलंदाजीने पाडलं, तर सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांच्या नाबाद शतकाने संघ जेमतेम एका विकेटने पार पडला. म्हणजे एका राजाच्या संघाची विलायतेत जी काही लाज राहिली ती चांभाराच्या दोन मुलांनी राखली.

याच उन्हाळ्यात, २९ जुलै १९११ला, कलकत्त्यात मोहन बागानच्या फुटबॉल संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शिल्ड जिंकलं. अकरापैकी दहाजण अनवाणी खेळले होते. त्या विजयाचं कौतुक बंगाल आजही करतो, कोलकात्यात २९ जुलै साजरा होतो. इकडे बाळू इंग्लंडहून परत आले तेव्हा मुंबईत दलित समाजाने त्यांचा मोठा सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकरांना त्या काळात बाळूंचा केवढा अभिमान वाटायचा, हे त्यांच्या चरित्रांत वाचायला मिळतं. बाकीच्या महाराष्ट्राने ते बळी तेव्हाही नीट मोजले नाहीत आणि नंतरही नाहीत, असं माझं मत आहे.

संघातला सर्वात ज्येष्ठ आणि सर्वात मोठा गोलंदाज असूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. दर वर्षी वर्तमानपत्रांतून मागणी व्हायची, दर वर्षी निवड समिती उच्चवर्णीय माणूस शोधायची. १९१३मध्ये कर्णधार झालेले एम. डी. पै मनाने मोठे. आपल्या सत्काराच्या सभेत ते म्हणाले, की हा मान ज्येष्ठ खेळाडू म्हणून माझे मित्र बाळू यांना मिळायला हवा होता. १९२०मध्ये बाळूंना संघातूनच वगळलं गेलं आणि कर्णधारपदासाठी विठ्ठल यांचाही विचार झाला नाही. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी खेळायला नकार दिला आणि आपली बाजू वर्तमानपत्रातून मांडली. गदारोळ झाला. पुढच्या सामन्याला भाऊ परतले, बाळूंनाही बोलावून उपकर्णधार केलं गेलं, आणि पै मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ बाळूंनी संघ हाकला. तेवढाच. १९२३मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या हाताखाली हिंदूंनी हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन संघांची चौरंगी स्पर्धा जिंकली. ज्या प्रेक्षकांच्या आज्यांनी पालवणकरांना ओसरीवर चढू दिलं नसतं त्यांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेतलं.

बाळूंच्या राजकारणावरून मी भरभर पुढे जातो, कारण ते माझं क्षेत्र नाही. स्वतंत्र मतदारसंघांना त्यांचा विरोध होता आणि १९३२च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७मध्ये मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभं केलं. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. काहींनी या एका निवडणुकीवरून बाळूंना कायमचं बाजूला सारलं. मला ते पटत नाही. खेळणाऱ्या माणसाचा हिशेब आधी मैदानावर मांडावा.

आणि मैदानावरचा हिशेब असा आहे. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. त्यांच्यानंतर मुंबईत डावखुऱ्या फिरकीची परंपराच उभी राहिली. विनू मांकड, बापू नाडकर्णी, आणि माझं दैवत पद्माकर शिवलकर, ५८९ प्रथम श्रेणी बळी घेऊनही कसोटीची टोपी न मिळालेले. आम्ही कांगा लीगमध्ये चिखलात बूट रुतवून गोलंदाजी टाकायचो तेव्हा शिवलकरांची नक्कल करायचो. त्या ओळीच्या मुळाशी बाळू आहेत, हे आम्हाला कुठल्या प्रशिक्षकाने कधी सांगितलं नाही. बाळू ४ जुलै १९५५ला मुंबईत वारले. इतिहासकार रामचंद्र गुहा यांचं पुस्तक २००२मध्ये आलं तेव्हा कुठे त्यांची कारकीर्द सविस्तर लोकांपुढे आली, आणि तीही इंग्रजीत.

२ नोव्हेंबर २०२५ला आमच्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघात श्री चरणी होती, डाव्या हाताची स्पिनर, स्पर्धेत १४ बळी घेतलेली. तेव्हापासून आमच्या नेटमध्ये डावखुऱ्या मुली येऊ लागल्या आहेत. बॅट मागण्याआधी चेंडू मागतात. मी त्यांना बोटं कशी धरायची ते दाखवतो आणि मग बाळूंबद्दल सांगतो.

नवी मुंबईत मैदानं भरपूर आहेत, प्रत्येक नोडमध्ये एखादं तरी. प्रत्येक मैदानावर पहाटे पाणी मारणारा, चुन्याने क्रीज आखणारा, दुपारच्या उन्हात रोलर ओढणारा एखादा पोरगा असतो. सराव संपला की तो नेट गुंडाळायला पुढे येतो. अशा एकाला मी मध्यंतरी चेंडू दिला. त्याने डाव्या हाताने तो असा काही वळवला, की फी भरून शिकणाऱ्या माझ्या निम्म्या मुलांना तो खेळता आला नाही. आता तो रोज नेटमध्ये गोलंदाजी टाकतो, आणि त्याला फलंदाजीही मिळते. हा नियम मी स्वतःच घालून घेतला आहे.

माझ्या दोन मागण्या आहेत. नवी मुंबईत शालेय क्रिकेटच्या स्पर्धा घेणाऱ्या मंडळांनी उत्तम गोलंदाजाचं बक्षीस बाळू पालवणकर यांच्या नावाने सुरू करावं. त्याला खर्च एका करंडकाचाच आहे. आणि क्रिकेट अकादम्या चालवणाऱ्यांनी मैदानावर काम करणाऱ्या मुलांना आठवड्यातून एक दिवस तरी फी न घेता नेटमध्ये घ्यावं, चेंडूबरोबर बॅटही द्यावी.